सिपोराचं कपाळ, काशीबाईचा अंगठा

भर थंडीत, ऊन अंगावर घ्यायला माणसं दुकानांच्या पायऱ्या अडवून बसतात त्या वेळेला, सिपोराबाई अष्टमकर डोक्यावर छत्री उघडून अष्टमीच्या पुलावरून रोह्याच्या बाजारात आली. छत्रीखाली पदर, पदराखाली कपाळ, आणि कपाळावर चिकटपट्टीने डकवलेला कापसाचा चौकोन. झालं! बाजारपेठेला संक्रांतीपर्यंत पुरेल एवढा माल मिळाला.

कुणी म्हणालं, बाई शिडीवरून पडली. कुणी म्हणालं, पडली कसली, लाटणं बसलंय. आता मारणार कोण? नवरा एलियाह केव्हाच देवाघरी गेलेला, एकुलता एक आरोन इस्रायलात, आणि घरात मांजर तेवढी, तीही मादी. तिसरी अफवा मच्छीबाजारातून उठली: "म्हातारपणी रूप काढायला निघालीय ती. मुंबईला जाऊन कपाळ सोलून आली." लोकांनी या तिसरीला हसून उडवून लावलं. आणि खरी होती ती नेमकी तीच.

तिच्या कपाळावर गोंदण होतं. दोन भुवयांच्या मध्ये चंद्रकोर आणि खाली एक टिंब. कोकणात गोंदलेलं कपाळ ही काय नवलाई? नवलाई अशी की सिपोरा बेने इस्रायल, म्हणजे आपल्याकडची मराठी बोलणारी यहुदी. जुनी माणसं त्यांना अजून शनवार तेली म्हणतात, कारण त्यांचे बाप-आजे तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी बैल सोडून देत. आता आहेत कुठे ते? बहुतेक घरं इस्रायलला गेली. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, तर दहावा पेणहून बोलवावा लागे आणि तो आला की नववा आजारी पडे. अशा त्या लोकांत अंगावर गोंदणं धर्माने मना. मग हिच्या कपाळावर चंद्र उगवला कसा?

तर तिचा बाप सॉलोमन कोलाडच्या अलीकडे एका गावात घाणा चालवायचा. सिपोराला जन्म देऊन तिची आई गेली. शेजारी काशीबाईचं घर, भात आणि वालाची शेती. तिच्या पदरात त्याच महिन्यातली मैना. काशीबाईने सिपोराला उचललं आणि दुसऱ्या बाजूला लावलं. एका आईच्या दुधावर दोघी वाढल्या. चालायला लागल्या त्या एकमेकींच्या झग्याला धरून. पुढे एका वर्षी, भात झोडून झाल्यावर, गोंदणारीण गावात आली. काशीबाईने मैनाला पुढ्यात धरलं, मग सिपोराला. बायका म्हणाल्या, "अगो, त्यांच्यात चालत नाय." काशीबाई म्हणाली, "एकीला गोंदलं नि दुसरीला नाय, तर देव म्हणंल सावत्रपणा केला." सिपोराने सुई लागताच मान झटकली, म्हणून तिच्या चंद्राचं डावं टोक वाकडं झालं ते कायमचं.

त्या दिवशी बाप काय बोलला हे सिपोराला कित्येक वर्षं कळलं नाही. त्याने घरात तो विषय काढला नाही आणि मरेपर्यंत काढू दिला नाही.

मैना पहिल्या बाळंतपणात गेली. तेव्हापासून, लग्न होऊन रोह्याला आलेली सिपोरा दर मंगळवारी एसटीने काशीबाईकडे जायची. आरोन झाला, नवरा गेला, मंगळवार चुकला नाही. गेल्या गेल्या एकच विधी. काशीबाई तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवायची, अंगठा जिभेला लावून ओला करायची आणि कपाळावरची चंद्रकोर खसाखसा घासायची.

"पुसतंय का बघते." मग अंगठा बघायची. "नाय पुसत गो. माझीच हाय ही."

हे सिपोरा पाच वर्षांची असताना चालत होतं आणि पन्नाशी उलटल्यावरही चालत होतं. अलीकडे काशीबाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता, कानही मंद झाले होते, माणूस तिला ना चेहऱ्याने नीट कळे ना आवाजाने. अंगठ्याने कळे.

आरोनचं लग्न तिकडे आश्दोदला ठरलं आणि तो म्हणाला, "आई, लग्नाला ये ती कायमची ये." आता सिपोराच्या जिवाला दोनच गोष्टींची ओढ. तिकडे लेकाची मान खाली जाऊ नये, आणि इकडून निघताना काशीबाईने हसून निरोप द्यावा. दोन्ही जमवायच्या होत्या. पण मध्ये सारावन्सं आल्या.

सारावन्सं म्हणजे एलियाहची थोरली बहीण. राहायला पेणला. पेणमधल्या झाडून सगळ्या गोष्टी त्यांना ठाऊक होत्या, फक्त कधी गप्प बसावं एवढं ठाऊक नव्हतं. त्या रोह्याला आल्या, चहा बशीत ओतला आणि सुरू झाल्या.

"वैनी, हे कपाळ घेऊन तू आश्दोदला जाणार?"

"दुसरं कुठून आणू वन्सं?"

"थट्टा पुरे. सोयरे कडक आहेत म्हणे. लग्नात मुलाची आई पुढे उभी राहणार, आणि कपाळावर काय, तर चंद्रकोर! विचारतील, ही आपल्यातली की कुणाची? आणि पुढचं सांगू? तिकडे मेलीस तर आपल्या कबरस्तानात जागा देणार नाहीत."

"मेल्यावर मला थोडंच कळणार आहे?"

"तुला नाही कळणार. आरोनला कळेल ना. आईचं मढं घेऊन फिरेल कुठे तो?"

सिपोराने यावर चहाची बशी उचलली आणि न पिताच खाली ठेवली. सारावन्संनी पिशवीतून वर्तमानपत्राचं कात्रण काढलं. मुंबईत आता लेझर म्हणून यंत्र आलंय, गोंदण काढून टाकतं. "खर्च माझा. लग्नाचा आहेर समज. आरोनला सांगू नकोस, एकदम कोरं कपाळ घेऊन उतर."

दिवाळी झाल्यावर दोघी निघाल्या. सिपोरा रोह्याला एसटीत बसली. वडखळला गाडी थांबली तशी उतरून परत जावं असं एकदा तिच्या मनात आलं. पण पेणला सारावन्सं खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायला तयारच होत्या.

दवाखान्यातली डॉक्टरीण आरोनच्या वयाची. तिने विचारलं, "मावशी, का काढायचंय?"

सारावन्सं सांगायला लागल्या, तर ती म्हणाली, "मी यांना विचारलं."

"मुलाचं लग्न आहे," सिपोरा म्हणाली.

डॉक्टरणीने लपवाछपवी केली नाही. एकदा येऊन भागणार नाही, दोन-दोन महिन्यांनी यावं लागेल. सावळी कातडी आहे, काळं जाऊन पांढरा डागही राहू शकतो. ऊन लागू द्यायचं नाही, खपली खाजवायची नाही, घरचं काहीही लावायचं नाही.

"तेलसुद्धा नाही?"

"तेल तर अजिबात नाही."

घ्या! तेल्याच्या पोरीला तेल वर्ज्य.

मग तिला आडवं केलं, कपाळावर गार काहीतरी चोळलं, डोळ्यांवर झाकणं ठेवली. अंधारात सिपोराला फक्त आवाज ऐकू आला, चट्, चट्, चट्. गरम तव्यावर तीळ टाकले की तडतडतात, अगदी तसा. तो आवाज तिने जन्मभर ऐकला होता, पण आपल्याच कपाळावर कधी नाही. प्रत्येक चट् सरशी कुणीतरी ताणलेलं रबर सोडून दिल्यासारखा चटका बसे, आणि वर केस जळाल्याचा वास. तिला वाटलं, पहिल्या वेळेसारखी मान झटकावी. पण या वेळी मान धरायला काशीबाईचा हात नव्हता, म्हणून तिने ती स्वतःच घट्ट धरली. उठल्यावर आरसा दिला. चंद्रकोर मिठासारखी पांढरी फुलून आली होती. जणू ती जात नव्हती, उलट आत्ताच उगवत होती.

दुसऱ्या दिवशी सूज पापण्यांवर उतरली. सिपोरा पोटापुरते ब्लाऊज शिवायची. मशीनवर वाकलं की कपाळात ठणका बसे, सुईत दोरा ओवता येईना. फोड आले, फुटले, त्यांची खपली झाली. खपली इतकी खाजायची की ती दोन्ही हात मांडीखाली दाबून बसे. गिऱ्हाइकं दारात.

"सिपोराबाय, माझा ब्लाऊज कदी गो?"

"कपाळ बरं झालं की."

"कपाळानं शिवतेस व्हय?"

ती हसायची, आणि हसलं की कातडी ताणून आणखी दुखायचं. संक्रांत होऊन गेली, दुसरी खेप झाली. शिमग्याच्या आधी तिसरी. दर खेपेला खपली पडली की खालचं गोंदण थोडं विरलेलं असे: आधी काळं, मग धुरकट, मग पाटीवर पुसलेल्या अक्षरासारखं. सारावन्सं तिला अंगणात उभी करून, चष्मा लावून, तांदळात खडा शोधावा तसं कपाळ न्याहाळत. "जातंय, जातंय," म्हणत. आणि सिपोरा घरात गेली की आरशाकडे पाठ करून वेणी घालायची. तिला आरशातली बाई ओळखीची वाटेना.

या सगळ्यात मंगळवार राहून गेले. आधी ऊन नको म्हणून. मग पट्टी दिसेल म्हणून. मग खपली पडली की जाऊ, पुढची खेप झाली की जाऊ, सगळं एकदाच सांगू. काय सांगणार होती, हे तिचं तिलाच ठरत नव्हतं. काशीबाईची सून चंद्रावती एकदा बाजारात भेटली. जिभेने तिखट, पण पोटात काही न ठेवणारी बाई.

"ताय, म्हातारी रोज विचारती, शिपोरा का येत नाय. तुजं काय बिनसलंय?"

"कामं फार आहेत गो. लग्नसराई."

"मेली ती कामं. तिचं डोकं आता जाग्यावर ऱ्हात नाय. काल मला मैना म्हनाली. सांगून ठेवते, नंतर रडू नको."

चैत्रात चौथी खेप झाली आणि डॉक्टरीण म्हणाली, आता पुरे. त्यानंतरच्या एका रविवारी संध्याकाळी शेजारच्या किराणा दुकानात आरोनचा फोन आला. आवाजात शिफ्ट संपल्याचा थकवा, पण खुशीत होता.

"आई, आज शीराच्या, तुझ्या होणाऱ्या सुनेच्या, आजीला भेटलो. कुर्दिस्तानच्या डोंगरातली म्हातारी आहे. तुला गंमत सांगू? तिच्या हनुवटीवर निळे ठिपके गोंदलेत! मी म्हटलं, माझ्या आईच्या कपाळावर चंद्र आहे. अशी हसली! म्हणाली, लवकर आण तिला, एकमेकींचं बघू."

सिपोराने फोन दुसऱ्या कानाला लावला. "आणि... तिथे कुणी काही बोलत नाही? कबरस्तानात जागा?"

"कोण म्हणतं असं? लहानपणी दुसऱ्याने गोंदलं त्यात माणसाचा काय दोष? आई, ऐकतेयस ना?"

"ऐकतेय."

दुसऱ्या दिवशी तिने हे सारावन्संना सांगितलं. सारावन्सं खाली बसल्या. पदराची गाठ सोडली, पुन्हा बांधली. शेवटी म्हणाल्या, "मला कुणीतरी सांगितलं होतं गो वैनी. कुणी ते आता आठवत नाही." आणि रडू लागल्या. सिपोराच त्यांच्या पाठीवरून हात फिरवत बसली. ज्याचं जळलं त्यानेच दुसऱ्याला फुंकर घालायची, अशी आमच्याकडची रीत.

जायचं जवळ आलं. आता काशीबाईला टाळून चालणार नव्हतं.

वैशाखातल्या मंगळवारी ती कोलाडला उतरली. स्टँडसमोरच्या खानावळीत हात धुवायच्या जागी आरसा होता. काळं गेलं होतं आणि त्याच आकाराची फिकट कोर उरली होती, जवळ गेल्याशिवाय न दिसणारी. सिपोराने पर्समधून काजळाची डबी काढली, केसातली पिन काढली आणि शिंपिणीच्या सवयीच्या हाताने कोर रेखली. आधी सुबक आली. मग तिला आठवलं, आणि तिने डावं टोक मुद्दाम वाकडं केलं. खाली टिंब दिलं. मागे हात धुवायला थांबलेला ट्रक ड्रायव्हर म्हणाला, "बाय, झालं काय सिंगारणं? भात निवला माझा."

काशीबाई ओटीवर वाल निवडत बसली होती. चंद्रावतीने सिपोराच्या कपाळाकडे बघितलं. चेष्टेचं काहीतरी तिच्या ओठावर आलं होतं, ते तिने गिळलं. म्हातारीकडे वळून ओरडली तेवढी, "आये, बगा कोन आलीय!"

"कोन गो?"

"मी, आये. सिपोरा."

"हिकडं ये. उजेडात ये."

काशीबाईने हनुवटी धरून तोंड वळवलं, डोळे अगदी जवळ आणले. काळी कोर तिला दिसली असावी, कारण सगळा चेहरा उजळला. "आली मेली! किती दिस झालं? मेले का जगले, बगायला तरी यावं का नाय?" आणि बोलता बोलता तिचा अंगठा जिभेकडे गेला.

सिपोराला मागे सरकता आलं असतं. ती सरकली नाही.

अंगठा कपाळावर फिरला, एकदा, दोनदा. काशीबाईने तो डोळ्यांपुढे धरला. काळा झाला होता. तिने लुगड्याला पुसला, पुन्हा ओला केला, पुन्हा घासला. चंद्र भुवईपर्यंत फरफटला.

"पुसतंय," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. वालात किडका दाणा निघाल्यावर म्हणावं तसं म्हणाली. "हे पुसतंय की गो. माज्या पोरीचं पुसत नव्हतं. तू कोन?"

"आये, अवो शिपोराच हाय ती. दवाखान्यात जाऊन तिनं..." चंद्रावती पुढे झाली.

"गप. मला फसवतेस व्हय? डोळं गेलं असतील, अंगठा माजाच हाय ना?"

सिपोराने दोनदा सांगून पाहिलं. मैनाचं नाव घेतलं, घाण्याचं, बापाचं. काशीबाई घाबरून भिंतीकडे सरकायला लागली. या परक्या बाईला घरातलं एवढं ठाऊक कसं? तिचा तो चेहरा सिपोराला बघवेना. तिने पदराने कपाळ पुसलं आणि म्हणाली, "शिंपीण आहे मी. रोह्याची. सिपोराने पाठवलंय, चोळीचं माप घ्यायला."

"मग असं सांग की!" काशीबाई निवांत झाली, सरकून जागा दिली. "बस. ती का नाय आली?"

"कामं फार आहेत तिला."

"लई मोटी झाली ती," काशीबाई म्हणाली आणि वालाचं सूप पुढे ओढलं. "निवडू लाग मला."

त्यानंतरचे मंगळवार शिंपिणीचे. सिपोरा माप घ्यायला गेली, मग चोळी घालून बघायला, मग बाही सैल करायला, मग तीच बाही आवळायला. शिंपिणीला काशीबाई सगळं सांगायची, पोटच्या पोरीला सांगत नाहीत तेही. सिपोरा लहानपणी खोटं किती बोलायची, मैनाच्या वाटणीची भाकरी कशी खायची. आणि एका मंगळवारी म्हणाली:

"गोंदलं त्या दिशी तिचा बाप घरोघर तेल घालून सांजचा आला. पोरीचं कपाळ बगितलं नि हितंच बसला, ह्या पायरीवर. रडला गो. येवडा बाप्या. बोलंना काय. मला काय सुचंना. म्हटलं, सॉलोमनदादा, थांबा, पुसून देते. थुकी लावून घासलं तेच्यासमोर. पुसतंय कशाला? तवा हसला तो. म्हनाला, ऱ्हाऊ दे काशे. तुज्या दुधावर जगली, तुजी निशानी ऱ्हाऊ दे."

सिपोरा सुईत दोरा ओवत होती. तो सुईच्या भोकात जाईना. पन्नास वर्षं ज्या घासण्याला ती म्हातारीची थट्टा समजत होती, ते बापाची समजूत काढण्यातून सुरू झालं होतं, हे तिला आता कळलं, आणि कळलंय असं दाखवायचीही सोय नव्हती.

"मग रोजच घासायला लागले," काशीबाई म्हणाली. "मैनाचं मातीत गेलं. हिचं हाय तवर बरं वाटायचं."

शेवटच्या मंगळवारी तिने चोळी नेली. काशीबाईने शिवण बोटांनी चाचपली. "टाका बारीक हाय तुजा. शिपोराचा असाच होता." मग विचारलं, "येणार हाय का ती?"

"ती चालली, आये. लेकाकडे. इस्रायलला."

काशीबाईने चोळीची घडी घालून ती मांडीवर ठेवली. चंद्रावती चुलीपाशी पाठ करून उभी होती.

"लेकाकडं चालली, चांगलं झालं," काशीबाई म्हणाली. "तिला सांग, मी रागवले नाय. सोनंनाणं हितंच काढून घेत्यात, गोंदण तेवडं संगं येतं. वर मैना तिला कपाळावरून वळखंल. सांगशील ना?"

"सांगेन."

काशीबाईने चाचपडत वालाचं गाठोडं बांधलं, म्हणाली, हे तिला दे, तिकडं वाल मिळत नसतील. सिपोराने ते दोन्ही हातांत घेतलं आणि पायऱ्या उतरली. फाटकाशी पोचली तेव्हा मागून हाक आली.

"शिंपीणबाय! ती काय आता यायची नाय. तू तरी येत जा गो."

"व्हय," सिपोरा म्हणाली.